जपानला पहिल्यांदा जाताना: स्थळांच्या यादीआधी रोजचे व्यवहार शिकून घ्या

जपानची सहल ठरली की बहुतेक जण आधी यादी करायला बसतात: फुजी, क्योटोची देवळं, हिरोशिमा, डिस्नेलँड. ती यादी कुठल्याही टूर कंपनीच्या माहितीपत्रकात मिळते. मला वाटतं, जपान खरा भेटतो तो या स्थळांच्या मधल्या वेळात, म्हणजे स्टेशनात, दुकानाच्या काउंटरवर, न्हाणीघरात, जेवणाच्या टेबलावर. नवखा माणूस अडतोही तिथेच, कारण प्रत्येक साध्या गोष्टीची तिथे एक ठरलेली रीत आहे. आपलं चुकलं तर कुणी ओरडत नाही, समोरचा फक्त अवघडतो. म्हणून या रीती घरूनच शिकून निघावं. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय, तिकीट काढण्यापासून परतीच्या विमानापर्यंत.

निघण्याआधी

आधी तारखा. आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी आणि जपानचा गोल्डन वीक एकमेकांवर येतात. २९ एप्रिल ते ५ मे आणि मागचे-पुढचे शनिवार-रविवार अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो. हॉटेलांचे दर चढतात आणि नोझोमी या टोकियो-क्योटो मार्गावरच्या सर्वात वेगवान शिन्कान्सेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, त्या काळात बिनआरक्षित डबाच नसतो. मुलांच्या परीक्षा लवकर आटोपत असतील तर एप्रिलचा मध्य गाठा, नाहीतर सरळ मेचा दुसरा पंधरवडा. जूनमध्ये त्यांच्याकडेही पावसाळा असतो. दिवाळीच्या सुट्टीत जाता आलं तर फारच छान: निक्कोच्या डोंगरात ऑक्टोबरमध्येच पानं रंगायला लागतात. क्योटोचा रंग मात्र नोव्हेंबरच्या उत्तरार्धात भरात येतो.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधीच काढावा लागतो. एप्रिल २०२४ पासून पर्यटकांना ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून करायचा. हा ई-व्हिसा विमानतळावर फोनमध्ये चालू इंटरनेटवर उघडून दाखवावा लागतो. छापलेला कागद किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. तेव्हा उतरल्याबरोबर नेट सुरू होईल अशी सोय घरूनच करा. ‘व्हिजिट जपान वेब’ या सरकारी साइटवर इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती आधी भरून ठेवली की क्यूआर कोड मिळतो आणि फॉर्म भरत उभं राहावं लागत नाही.

औषधांची पिशवी नीट तपासा, हे मी जरा जोर देऊन सांगते. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असतं, त्या जपानमध्ये न्यायला बंदी आहे. ‘घरात होत्या म्हणून टाकल्या’ हे कारण तिथे ऐकलं जात नाही. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांचे नियमही कडक आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधं एक महिना पुरतील एवढी नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगी काढा. ताजी फळं, भाज्या आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका, म्हणजे आंब्याची पेटीही नाही आणि कढीपत्त्याची जुडीही नाही. मेथीचे ठेपले, चटणी, लाडू, खाकरे खुशाल न्या. पुढे उपयोगी पडतात.

वीज तिथे १०० व्होल्टची आणि प्लगला दोन चपट्या पिना. फोन-लॅपटॉपचे चार्जर साध्या अॅडॉप्टरवर चालतात. भारतात घेतलेली इलेक्ट्रिक किटली तिथे नीट तापणार नाही, आणि खोलीत किटली बहुतेक ठिकाणी असतेच. बॅगेत सगळ्यांसाठी एकेक हातरुमाल हवा, कारण कितीतरी सार्वजनिक स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं. बूट पटकन काढता-घालता येतील असे आणि मोजे न फाटलेले. दिवसातून कितीदा बूट काढावे लागतील याची इथे बसून कल्पना येत नाही.

विमानतळावरचा पहिला तास

घड्याळ साडेतीन तास पुढे करा. मग दोन कामं. थोडी रोख रक्कम काढा. सेव्हन-इलेव्हनमधल्या सेव्हन बँकेच्या एटीएमवर परदेशी कार्डं चालतात आणि पडद्यावर इंग्रजी असतं. दुसरं, प्रत्येकासाठी एक आयसी कार्ड घ्या, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं आणि यंत्राला टेकवायचं कार्ड. टोकियोला उतरलात तर ‘वेलकम सुइका’, ते २८ दिवस चालतं आणि अनामत भरावी लागत नाही. उरलेले पैसे मात्र परत मिळत नाहीत, म्हणून थोडे-थोडेच भरत जा. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी अर्ध्या भाड्याचं कार्ड असतं, त्याला पासपोर्ट दाखवावा लागतो. या कार्डावर लोकल, मेट्रो, बहुतेक शहरी बस, पेयांची यंत्रं, लॉकर आणि छोटी दुकानं, सगळं चालतं. ते भरायच्या यंत्रात बहुधा रोखच लागते, म्हणून नोटा जवळ हव्यात.

पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरू नका. परदेशी पर्यटकाने तो कायम जवळ बाळगावा असा तिथला कायदा आहे.

स्टेशन, रांग आणि शिन्कान्सेन

मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला टोकियोच्या गर्दीची भीती वाटायचं कारण नाही. तिथली गर्दी चालते वेगळ्या पद्धतीने, एवढंच. फलाटावर दरवाजा नेमका कुठे येणार ते रंगवलेलं असतं. लोक त्या खुणेच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभे राहतात, मधली वाट उतरणाऱ्यांसाठी मोकळी ठेवतात आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत कुणी पाय उचलत नाही. आपणही तसंच उभं राहायचं. पाठीवरची सॅक काढून पुढे घ्यायची किंवा पायाशी ठेवायची. डब्यात फोनवर बोलायचं नाही, फोन आवाजाविना ठेवायचा. चौघांचं कुटुंब असेल तर आपला नेहमीचा आवाज निम्म्यावर आणावा लागेल. काही गाड्यांना सकाळच्या गर्दीच्या वेळी बायकांसाठी राखीव डबा असतो. फलाटावरच्या गुलाबी खुणा पाहा.

सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे. पुढचा माणूस उभा असेल त्याच्या मागे थांबा म्हणजे झालं.

स्टेशनातून बाहेर पडताना मात्र सावध. शिंजुकूसारख्या स्टेशनाला दोनशेहून जास्त दारं आहेत. चुकीच्या दाराने बाहेर आलात तर वीस मिनिटांची पायपीट ठरलेली. त्यामुळे नकाशात नुसतं स्टेशनचं नाव बघून भागत नाही, बाहेर पडायच्या दाराचा क्रमांकही टिपून घ्या आणि फलाटावर उतरल्यापासून पिवळ्या पाट्यांवर तोच शोधत चला. आणि हे लक्षात असू द्या की शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, त्यानंतर पहाटे पाचच्या आसपासपर्यंत काही नाही. टॅक्सी खिशाला चांगलीच लागते.

जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेच्या गाड्यांसाठी पर्यटकांना मिळणारा पास, घ्याच असा जुना सल्ला अजून फिरत असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासचा दर २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योटो शिन्कान्सेनचं एकेरी भाडं साधारण चौदा हजार येन आहे. म्हणजे टोकियो, क्योटो, ओसाका आणि परत एवढाच बेत असेल तर पास घेणं तोट्याचं. सुटी तिकिटं काढा. हिरोशिमाच्याही पुढे, क्यूशू बेटापर्यंत जाणार असाल तरच बेरीज मांडून बघा.

तिकीट काढताना ‘ई’ आसन मागा. टोकियोहून क्योटोकडे जाताना त्या खिडकीतून, आकाश निरभ्र असेल तर, पाऊण तासाच्या आसपास फुजी दिसतो. टोकियो स्टेशनवर गाडीच्या वेळेआधी पंधरा-वीस मिनिटं जा आणि सफाई पथकाचं काम बघा. गाडी येते, प्रवासी उतरतात, माणसं आत शिरतात आणि सुमारे सात मिनिटांत आसनं फिरवून, टेबलं पुसून, मागच्या टेकूंची कापडं तपासून बाहेर येतात. ओळीत उभं राहून प्रवाशांना वाकून नमस्कार करतात आणि पुढच्या गाडीकडे निघतात. हे पाहताना मला दरवेळी भरून येतं. कामाचा मान राखणं कशाला म्हणतात ते तिथे दिसतं.

बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरहून जास्त होत असेल तर या मार्गावर सामानाच्या जागेसह आसन आरक्षित करावं लागतं. त्याचे वेगळे पैसे नाहीत, पण न करता चढलात तर शुल्क पडतं. घरीच टेपने मोजा. त्याहून सोपा उपाय म्हणजे मोठी बॅग पुढच्या हॉटेलला कुरिअरने पाठवणं. ‘ताक्क्यूबिन’ म्हणून हॉटेलच्या काउंटरवर विचारा, काळ्या मांजरीचं चिन्ह असलेली यामातो ही त्यातली प्रसिद्ध कंपनी. बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते, मोठ्या बॅगेला दोन-तीन हजार येन पडतात. एका रात्रीपुरते कपडे पाठीवर घ्यायचे आणि मोकळ्या हाताने गाडीत चढायचं. आई-बाबांना घेऊन जात असाल तर हा खर्च अजिबात वाचवू नका.

शाकाहारी माणसाने काय करायचं

आपल्याकडून जाणाऱ्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न हा, म्हणून जरा सविस्तर.

अडचण मांसाची नाही, ते डोळ्यांना दिसतं. अडचण आहे ‘दाशि’ची. वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून काढलेलं हे पाणी जपानी स्वयंपाकाचा पाया आहे. मिसो सूप, सोबा-उदोन या नूडलचा रस्सा, भाज्यांच्या तेम्पुराबरोबरची, म्हणजे भज्यांबरोबरची, पातळ चटणी, शिजवलेल्या भाज्या, गोडसर इनारी सुशीचं टोफूचं पाकीट, या सगळ्यांत ते असतं. ‘मासा नको’ म्हटलं की वाढणारा माशाचा तुकडा काढतो, पण रस्सा तोच राहतो. त्याच्या दृष्टीने त्यात मासा नसतोच. जपानी करीच्या तयार मसाल्यातही बऱ्याचदा गोमांसाचा किंवा डुकराचा अंश असतो.

म्हणून आधी घरच्या घरी ठरवा की आपली रेषा कुठे आहे. दाशि चालत असेल तर प्रवास खूपच सोपा होतो. चालत नसेल तर एका कागदावर जपानीत लिहून घ्या की मी मांस, मासे आणि माशाचं दाशि खात नाही. अंडं चालतं की नाही तेही लिहा. तोंडी सांगायचं तर ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, आणि पुढे ‘कात्सुओ दाशि मो ताबेमासेन’. गर्दीच्या वेळी छोट्या हॉटेलात हे सांगून पदार्थ बदलून मागू नका. तिथे ताटात फेरफार करायची पद्धत नाही, आणि नाही म्हणणं त्यांना फार जड जातं.

रोजच्या भुकेसाठी कोपऱ्याकोपऱ्यावरची सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट आणि लॉसन ही दुकानं आहेत. नुसत्या मिठाची ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा, खारवलेल्या आंबट उमे फळाची ओनिगिरी, उकडलेले एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, केळी, दूध, सुकामेवा, थंडीत भाजलेलं रताळं. पाकिटाच्या मागची यादी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा. ॲलर्जीच्या तक्त्यावर विसंबू नका. तिथे अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा वगैरे सक्तीने लिहितात, मासा त्यात येईलच असं नाही.

चांगलं, मन लावून केलेलं शाकाहारी जपानी जेवण हवं असेल तर एक रात्र कोयासानला काढा. वाकायामा प्रांतातल्या या डोंगरावर ८१६ साली कूकाई या भिक्षूने शिंगोन या बौद्ध पंथाचं ठाणं वसवलं. आज तिथल्या सुमारे पन्नास देवळांत मुक्कामाची सोय आहे. ओसाकातल्या नाम्बाहून नान्काई रेल्वे आणि शेवटी केबलकारने वर जायचं. संध्याकाळी खोलीत किंवा दालनात छोट्या लाल-काळ्या ताटांतून ‘शोजिन र्‍योरी’ येतं, म्हणजे बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण: तिळाच्या दुधाचा मऊ गोमा-टोफू, रसात मुरलेला कोया-टोफू, भाज्यांचा तेम्पुरा, लोणचं, भात. मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही, आणि रस्सा समुद्री शेवाळाचा आणि शिताके मशरूमचा. जैन कुटुंबांनीही याचा विचार करावा, बुकिंग करताना आपली पथ्यं कळवावीत. पहाटेच्या प्रार्थनेला बसू देतात, तेव्हा उठा. महाराष्ट्रातल्या माणसाला इथे आणखी एक ठिकाण बघायचं असतं. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं.

जेवणाच्या रीती थोडक्यात. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत, एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी तिथल्या अंत्यसंस्कारांशी जोडलेल्या आहेत. नूडल सुर्रकन ओढून खाल्ले तर चालतात. टिप ठेवायची नाही, ठेवलीत तर कुणीतरी पैसे विसरलात म्हणून मागे धावत येईल. साध्या हॉटेलांत दाराशी यंत्र असतं: आधी पैसे, मग बटण, मग निघालेलं कूपन काउंटरवर. इझाकायामध्ये, म्हणजे दारूबरोबर खाणं मिळणाऱ्या तिथल्या हॉटेलात, न मागवता एक छोटी वाटी समोर येते आणि बिलात तिचे काही शे येन लागतात. ती तिथली बसण्याची आकारणी असते, त्यावर वाद घालू नये.

काउंटरवरचे दोन मिनिटं

पैसे हातात द्यायचे नाहीत. काउंटरवर छोटा ट्रे असतो, त्यात ठेवायचे. विक्रेती नोट उचलते, रक्कम मोठ्याने म्हणते, सुटे मोजून दाखवते आणि पावतीसकट दोन्ही हातांनी पुढे करते. हल्ली बऱ्याच ठिकाणी नोटा यंत्रातच सरकवायच्या असतात. ती विचारते त्यातले नेहमीचे प्रश्न तीन: पिशवी हवी का, गरम करून देऊ का, चॉपस्टिक किंवा चमचा हवा का. हवं असेल तर ‘हाय’, नको तर ‘दाइजोबु देस’. जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात, तेव्हा कापडी पिशवी जवळ ठेवा.

तीच पिशवी कचऱ्यालाही लागेल. १९९५ च्या टोकियो मेट्रोतल्या सरीन हल्ल्यानंतर सार्वजनिक कचरापेट्या मोठ्या प्रमाणावर काढून टाकल्या गेल्या. पेयांच्या यंत्राशेजारचा डबा फक्त बाटल्या आणि कॅनसाठी. चिप्सचं पाकीट दिवसभर सॅकमधून फिरवून हॉटेलवर आणायचं. सगळा देश हेच करतो, म्हणूनच रस्ते तसे दिसतात.

मुक्काम आणि ओन्सेन

शहरातल्या हॉटेलच्या खोल्या लहान. दोन मोठ्या बॅगा एकदम उघडता येत नाहीत, आणि ‘सेमी-डबल’ पलंग दोघांना अपुरा पडतो. संडासात पाण्याची सोय आहे, याचा आपल्या माणसांना फार आनंद होतो. बटणांपैकी थांबवायचं बटण कोणतं ते बसण्याआधी बघून ठेवा, ते बहुधा डावीकडे, चौकोनाच्या चिन्हाचं असतं.

एक रात्र तरी र्‍योकानमध्ये राहा, म्हणजे पारंपरिक जपानी मुक्कामघरात, हाकोनेला किंवा कुसात्सूला. दाराशी बूट काढून सपाता, आणि तातामी चटईवर येताना सपाताही बाहेर. संडासातल्या सपाता वेगळ्या, त्या तिथेच सोडायच्या. बॅगेची चाकं तातामीवर फिरवायची नाहीत. जेवणाची वेळ पाळायची, कारण स्वयंपाक त्या मिनिटाचा हिशोब धरून केलेला असतो. युकाता हा सुती किमोनो घालताना डावी बाजू उजवीच्या वर यायला हवी. उलट नेसवतात ते मृताला.

आता ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरचं सार्वजनिक स्नानगृह. संकोचामुळे बरेच जण टाळतात, आणि मला त्याची हळहळ वाटते. पुरुष आणि बायकांचे विभाग वेगळे असतात, दारावरचा पडदा साधारण निळा पुरुषांचा आणि लाल बायकांचा. ठिकठिकाणी ते दोन विभाग रात्री अदलाबदल होतात, म्हणून सकाळीही पडदा बघूनच आत जा. आत पोहण्याचे कपडे चालत नाहीत. कपडे टोपलीत ठेवायचे, छोटा टॉवेल घेऊन आत जायचं. टाक्यात उतरण्याआधी भिंतीलगतच्या नळापाशी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची, फेस पूर्ण धुवायचा, स्टूल आणि बादली पाणी ओतून पुढच्यासाठी साफ ठेवायची. लांब केस वर बांधायचे. मग सावकाश पाण्यात. टॉवेल पाण्याला लावायचा नाही, घडी करून डोक्यावर किंवा काठावर. पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचं असतं, पाच-सात मिनिटांनी बाहेर येऊन बसा, वरून गार पाणी प्या. कुणी कुणाकडे बघत नाही. आजी, आई, नात शेजारीशेजारी निवांत बसलेल्या असतात. तरीही नकोसं वाटलं तर ‘काशिकिरि’ म्हणजे तासाच्या हिशोबाने फक्त आपल्या कुटुंबासाठी मिळणारं स्नानगृह विचारा. अंगावर गोंदण असेल तर आधी चौकशी करा, अनेक ठिकाणी प्रवेश मिळत नाही.

देवळात

तोरीची कमान दिसली की ते शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देवस्थान. कमानीपाशी थोडं वाकायचं, वाटेचा मध्य सोडून कडेने चालायचं. पाण्याच्या कुंडावर पळीने आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीत पाणी घेऊन चूळ, शेवटी पळी उभी धरून तिची दांडी धुवायची. देवापुढे नाणं टाकून दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, मग पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळ्या वाजवत नाहीत, नुसते हात जोडायचे.

टोकियोत असाकुसाच्या सेन्सोजीला सगळे जातात. तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत सुमिदा नदीच्या बाजूला मात्सुचियामा शोदेन आहे, तिथे जरूर जा. इथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेला. मूर्ती बंद देव्हाऱ्यात असते, दर्शन होत नाही. पण पायऱ्यांवर, दिव्यांवर, भिंतींवर मुळ्याची जोडी आणि पैशाची थैली कोरलेली दिसते. नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा. तो तिथेच विकत मिळतो, पाल्यासकट. लोक तो दोन्ही हातांत धरून आत नेतात, आणि देवापुढे मुळ्यांची रास लागलेली असते. उएनोच्या शिनोबाझु तळ्यातल्या देवळात सरस्वती आहे, बेन्झाइतेन या नावाने, तिचं वाद्य वीणेऐवजी बिवा.

अडचण आली तर

पोलिसांना ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाला ११९. पर्यटकांसाठी चोवीस तास इंग्रजीत बोलणारी सरकारी मदतवाहिनी ०५०-३८१६-२७८७. वस्तू हरवली तर जवळच्या ‘कोबान’ म्हणजे पोलीस चौकीत किंवा स्टेशनच्या कार्यालयात जा. सापडलेली वस्तू आणून देण्याची तिथे पक्की सवय आहे. रस्त्यात पडलेला हातमोजासुद्धा कुणीतरी उचलून कुंपणाच्या टोकाला अडकवून ठेवतं, म्हणजे मालकाला लांबून दिसावा. भूकंपाचा इशारा फोनवर मोठ्याने वाजतो. बाहेर पळू नका, टेबलाखाली डोकं सांभाळा, हलणं थांबलं की हॉटेलच्या माणसांच्या सूचना ऐका. ‘सेफ्टी टिप्स’ हे ॲप इंग्रजीत इशारे देतं, ते निघण्याआधी उतरवून ठेवा.

परतताना

खरेदीवरच्या दहा टक्के कराची सूट आतापर्यंत दुकानातच पासपोर्ट दाखवून मिळायची. १ नोव्हेंबर २०२६ पासून पूर्ण किंमत भरून विमानतळावर परतावा घ्यायचा अशी पद्धत येते आहे, तेव्हा त्यानंतर जाणाऱ्यांनी विमानतळावर जास्त वेळ हाताशी ठेवावा. शेजारीपाजारी वाटायला मिठाईचे खोके विमानतळावर भरपूर मिळतात, पण घेण्याआधी मागची तारीख वाचा. मोचीचे काही प्रकार दोन-तीन दिवसांत संपवावे लागतात. अंडं आणि जिलेटिन चालत नसेल त्यांनी तेही तपासावं. उरलेली चिल्लर दुकानात पुढे करा आणि बाकीचे पैसे आयसी कार्डाने द्या, बहुतेक ठिकाणी विक्रेते आनंदाने अशी विभागणी करून देतात. नाणी भारतात बदलून मिळत नाहीत.